उबेला ठेवलेला भात

लेखक मंडळींची पारख मी त्यांच्या पिशवीवरून करते. गिरगावातल्या एका जुन्या प्रकाशकाकडे बावीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, तेव्हा एवढं कळायला हरकत नाही. चामड्याची बॅग घेऊन येणारा पहिल्याच दिवशी मुखपृष्ठावर बोलतो. शबनमवाला आमची चूक आम्हालाच समजावून सांगतो. काका आले ते खांद्यावर एक लांब पत्र्याची नळी अडकवून. जहाजांचे नकाशे ठेवायची ती नळी होती, पण मला काय माहीत? गॅसच्या पाइपचं काम तळमजल्यावर चाललंय, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. ते खरोखरच जिना उतरून गेले, खाली चौकशी केली आणि पुन्हा वर येऊन म्हणाले, "खाली कोणी गॅसवाले नाहीत. आणि मी कवितांसाठी आलो आहे."

माझ्यावर चिडले नाहीत, हसलेही नाहीत. मला चिडणाऱ्या माणसांची सवय आहे, त्यामुळे मी जरा ओशाळले आणि खुर्ची पुढे केली. त्यावर त्यांनी विचारलं, ही खुर्ची कोणाची? कोणाची नाही, येणाऱ्याजाणाऱ्याची आहे, असं मी म्हटल्यावरच ते बसले. पुढे सात वर्षं दर शनिवारी ते आले आणि दर शनिवारी बसण्याआधी त्यांनी हा प्रश्न विचारला.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आमच्याकडे ते 'कोरियावाले काका' होते. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. वडील गिरणीत कताई खात्यात होते, धाकटा भाऊही गिरणीतच लागला होता. हे शिकले, ड्राफ्ट्समन झाले आणि माझगावला जहाजांच्या कंपनीत नकाशे काढत राहिले. कंपनीचं एक जहाज कोरियात बांधलं जात होतं, तेव्हा देखरेखीला यांना अकरा महिने तिकडे धाडलं. तिथे जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्यांना एक बारीकसं पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर सुताने भरलेल्या बॉबिनचं चित्र होतं. आत काय लिहिलंय त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण बॉबिन म्हटल्यावर वडील आठवले आणि त्यांनी ते पुस्तक घेतलं.

त्या पुस्तकाने पुढची पंचवीस वर्षं खाल्ली. गोदीतल्या एका मुकादमाकडून ते अक्षरं शिकले, मुंबईला येताना शब्दकोश घेऊन आले आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुऊन एक ओळ लावायची, असा नेम धरला. पुस्तक एका कवयित्रीचं होतं. काका तिला 'बाई' म्हणत, आपण शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतो तसं. चाळीत अर्थातच 'काकांच्या बाई' अशी थट्टा होई. काकांना थट्टा कळायची, ते तिकडे लक्ष देत नसत.

पुस्तकाच्या शेवटी बाईंची दीड पानाची ओळख होती, तेवढंच त्यांचं चरित्र काकांना ठाऊक होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. समुद्रकाठच्या गावात जन्म. लढाईत मोठा भाऊ गेला. पंधराव्या वर्षी शहरात कापडगिरणीत कामाला. साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मुली एकमेकींना चिठ्ठ्या लिहीत. बाई त्या चिठ्ठ्यांवर कविता लिहू लागल्या. मालकाविरुद्ध लिहिलेल्या एका कवितेवरून काम सुटलं, तेव्हा गावी परतल्या, माकुल मासा सुकवणाऱ्या बायकांत बसून काम केलं आणि लिहीत राहिल्या. सगळ्या मिळून साठ कविता. काका म्हणायचे, साठ पुरेत, माणसाला आयुष्यात खरं बोलण्यासारखं तेवढंच असतं. मी म्हटलं, आमच्या काही कवींना हे लेखी कळवा.

आता त्यांची काम करायची रीत सांगते, कारण तिच्यातच पुढचं सगळं आहे.

काका कवितेचा आधी नकाशा काढत. खरोखरीचा, ट्रेसिंग पेपरवर, प्रमाणात. कवितेत घर असेल तर घराचा आराखडा, दार कुठे, खिडकी कुठे, बोलणारी बाई कुठे उभी आहे, वारा कोणत्या अंगाने येतोय, सगळं. त्या पत्र्याच्या नळीत साठ कवितांचे साठ नकाशे होते. "माणूस कुठे उभाय ते कळल्याशिवाय तो काय बोलतोय ते कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. नकाशा झाला की भाषांतर. भाषांतर झालं की ते ऐकवायचं, आणि तेही साहित्यिकांना नाही. ज्याचं ते काम आहे त्याला. ऐकणाऱ्याने मध्येच 'म्हणजे काय?' असं विचारलं, तर कविता ड्राय डॉकला गेली असं ते म्हणत. जहाज दुरुस्तीला पाण्याबाहेर काढतात तशी. काही कविता वर्षवर्ष पाण्याबाहेर असत.

माकुल सुकवण्याच्या कवितेसाठी ते कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेले होते. एक कोळीण बोंबील वाळत घालत होती, तिच्या शेजारी उभं राहून यांनी कविता वाचली. तिने हात न थांबवता ऐकून घेतली आणि म्हणाली की बाकी सगळं ठीक आहे, पण दोरीवर लावलेला मासा 'झुलतो' असं जिने लिहिलंय तिने मासा सुकवलेला नाही. ओला मासा जड असतो, लोंबतो, सुकल्यावर झुलतो. काका घरी आले, मूळ पाहिलं, तर बाईंनी लोंबतो असंच लिहिलं होतं. झुलतो यांनी केलं होतं, छान वाटलं म्हणून. पुढच्या शनिवारी त्यांनी मला हे इतक्या शरमेने सांगितलं की मला त्यांची कीव आली. मी म्हटलं, काका, एका शब्दाने काय होतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी हे वाक्य उच्चारलं नाही. मुद्रितं तपासणारीने तर उच्चारायलाच नको होतं.

त्यांचं दुसरं एक खूळ म्हणजे चपला. काकांच्या चपला नेहमी नव्याने शिवलेल्या असत. धडधाकट चपलेला ते टाका मारून आणत, महिन्या-दोन महिन्यांनी, लालबागच्या नाक्यावरच्या एकाच मोच्याकडून. मोची बदलला, त्याचा मुलगा बसायला लागला, तरी तिथेच. मी एकदा त्यांना टोचून बोलले की त्या चपलेत आता चामड्यापेक्षा दोरा जास्त आहे. ते म्हणाले, तिथे जरा बसायला मिळतं.

एका सर्वपित्री अमावास्येला त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी गेले तर गच्चीवर चार पानं मांडलेली. एक वडिलांचं, एक आईचं, एक धाकट्या भावाचं. चौथं कोणाचं म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाले, बाईंचं. बाईंना मूलबाळ नाही असं ओळखीत लिहिलंय, पुस्तक जुनं, त्या आता कुठल्या असायला? तिकडे कावळ्याला कोण घालणार? शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की कोरियाची बाई वरणभात खाईल का. काकांनी पानाच्या कडेला वाढलेली कोबीची लोणच्यासारखी तिखट भाजी दाखवली, ती त्यांनी स्वतः केली होती. कावळा आधी त्या पानाकडे गेला.

खोलीत भिंतीवर भावाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. भावाची गोष्ट मला तोवर तुटक माहीत होती. संप फिसकटला, गिरणी उघडली नाही, आणि एका दुपारी हा तिशीही न गाठलेला मुलगा घरातून गेला तो परत आला नाही. पोलीस झाले, गावी शोध झाला. बारा वर्षं वाट पाहून काकांनी, शास्त्रात सांगितलंय तसं, दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी केले. मोठा भाऊ म्हणून ते त्यांनाच करावे लागले.

पुस्तकाची मुद्रितं निघाली तेव्हा अर्पणपत्रिकेत दोन नावं होती, आईचं आणि भावाचं. आईच्या नावाआधी 'कै.' होतं, भावाच्या नावाआधी नव्हतं. मी पेन्सिलीने विचारणा केली. काकांनी बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "विधी झालाय. लाव." मी लावलं.

याच सुमाराला आमच्या मालकांना परवानगीची आठवण झाली. काका म्हणाले, बाई गेल्या, आता कोणाला विचारणार? मी म्हटलं, गेलेल्या माणसांचेही वारस असतात. त्यांना न सांगता मी पुस्तकावरच्या कोरियन प्रकाशकाचा पत्ता संगणकावर हुडकला आणि इंग्रजीत पत्र पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मराठीत पुस्तक होतंय हे वाचून आनंद झाला. कवयित्री आता ऐंशीच्या पुढे आहेत, आपल्या गावीच राहतात, संगणक वापरत नाहीत, कृपया त्यांना टपालाने लिहावं.

ते पत्र मी शनिवारपर्यंत पर्समध्ये घेऊन फिरले. काकांनी ते दोनदा वाचलं. मग स्वतःच्या पिशवीतला स्टीलचा ग्लास काढून पाणी प्यायले आणि म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं एका जिवंत बाईला कावळ्याच्या हवाली करत होतो." मी हसले. ते हसले नाहीत.

मला वाटलं होतं, माणूस आनंदाने नाचेल. काकांकडे एक वही होती, दोनशे पानी, तिच्यावर 'विचारायचं आहे' असं लिहिलेलं. भाषांतरात अडलेली प्रत्येक शंका तीत टिपलेली. कुठे अडलं की ते म्हणायचे, हे बाईंना वर गेल्यावर विचारू. आता वर जायची गरज नव्हती, टपाल पेटीपर्यंत गेलं तरी पुरे होतं. आणि काका यायचेच बंद झाले. एक शनिवार गेला, दोन गेले, तिसऱ्याला मी चिडून लालबागला गेले.

ते नकाशे पसरून बसले होते. मी तोंड सोडलं. इतकी वर्षं ज्या बाईशी मनातल्या मनात बोलत होता ती बोलायला जिवंत आहे, आणि तुम्ही घाबरून घरात बसलात? काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर विचारणं सोपं होतं गं. तिथे चुकलं म्हणून कळलं असतं तर दुरुस्त करायला पुस्तकच नसतं. आता त्या नको म्हणाल्या तर?" पंचवीस वर्षांचं काम एका बाईच्या एका शब्दावर येऊन टेकलं होतं, आणि ती भीती खोटी नव्हती. माझा राग उतरला. मी म्हटलं, सगळं विचारू नका. एकच विचारा, सगळ्यात लहान.

मग त्यांनी वहीतली सगळ्यात लहान शंका निवडली. भाताची कविता त्यांनी सगळ्यात आधी भाषांतरित केली होती आणि ती त्यांची सर्वांत आवडती होती. काकांच्या मराठीत ती अशी होती:

संध्याकाळी आई एक वाटी भात
त्याच्यापुढे ठेवते.
सकाळी वाटी भरलेली.
ज्याला भूक उरली नाही
त्याच्यासाठी ती पुन्हा तांदूळ धुते.

शंका एवढीच, की या घराचं दार उघडं आहे की लोटलेलं? कवितेत दाराचा उल्लेख नाही, पण नकाशात दार काढायचं तर ते कसं तरी काढावं लागतं. काकांनी उघडं काढलं होतं. त्यांनी त्या नकाशाची प्रत पत्रासोबत ठेवली, बाईंना आपली ओळख कळवली आणि सर्वपित्रीच्या पानाबद्दल माफी मागितली. हे लिहू नका, म्हातारी घाबरेल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, जेवायला घातलं ते लपवायचं कशाला?

उत्तर यायला दोन महिने लागले. ते गिरगावच्या पत्त्यावर आलं, एका शनिवारी दुपारी. मालक जेवायला गेले होते. काकांनी खुर्ची कोणाची हे विचारलं, बसले आणि पाकीट उघडलं. आत एक छोटं पत्र आणि यांचाच नकाशा परत आलेला, त्यावर लाल पेन्सिलीने खुणा. मला धस्स झालं, कारण लाल पेन्सिलीने मीही हेच करते.

दारावर लाल टिक होती, म्हणजे बरोबर. भिंतीवर काकांनी एक चौकट काढली होती, भावाच्या फोटोची, आणि तिच्या खाली भाताची वाटी. बाईंनी चौकटीवर फुली मारली होती. वाटीपासून एक बाण काढून तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला होता, स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी, आणि तिथे एक गोल काढून त्याभोवती रेघारेघांचं काहीतरी.

काकांनी पत्र आधी स्वतःशी वाचलं. मग माझ्यासाठी मराठीत वाचलं, शब्द शोधत, सावकाश.

"दार बरोबर आहे. ते उघडंच असे. पण हा फोटो तुम्ही कुठून आणलात? आमच्या घरी भावाचा फोटो कधी लावला नाही. लावला असता तर तो मेला असता. आमच्याकडे चुलीची धग जमिनीखालून खोलीत येते. चुलीकडची जमीन जास्त ऊबदार असते. आई भात तिथे ठेवायची, झाकण घालून, गोधडीत गुंडाळून. घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाटचा भात असा ठेवतात. तो जिथे असेल तिथे उपाशी राहू नये म्हणून, आणि आला तर गरम मिळावा म्हणून. भाऊ लढाईतून आला नाही. आई ब्याण्णव वर्षांची होऊन गेली, शेवटच्या संध्याकाळी तिने माझ्याकडून भात ठेवून घेतला. आता मी ठेवते. तुम्ही माझ्यासाठी पान मांडत होतात, त्याबद्दल आभारी आहे. मला अजून इथे जेवायला मिळतं."

पत्र संपलं. काका म्हणाले की अकरा महिन्यांत ते तिकडे एकाच घरात गेले होते. ज्या मुकादमाने अक्षरं शिकवली त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, तेव्हा त्याने बोलावलं होतं. फोटो मांडला होता आणि फोटोपुढे भाताची वाटी. एरवी कंपनीच्या वसतिगृहात लोखंडी खाटेवर झोपायचं, जमीन ऊबदार असते हे कळणार कुठून? "भात आणि फोटो एवढंच मी पाहिलं होतं. आणि आपल्याकडेही तेच की. न आलेल्या माणसापुढे भात ठेवायचा म्हणजे तो गेलेलाच असणार." त्यांनी मूळ पुस्तक काढून ती ओळ मला बोटाने दाखवली, जशी काही मला ती वाचता येणार होती. "इथे बाईंनी फक्त 'जो जेवला नाही' एवढंच लिहिलंय. भूक उरली नाही, हे माझं. मी घातलं."

मग मी न विचारता त्यांनी आईचं सांगितलं.

भाऊ गेला ती दुपार. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, नाक्यावर शिवून आणतो म्हणून गेला. आईने त्याचं ताट झाकून ठेवलं. ते रात्री तसंच राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी नवं. अशी बारा वर्षं. आदल्या दिवशीच्या त्या भाताला सकाळी फोडणी द्यायची आणि तो काकांनी खाऊन माझगावला जायचं. "बारा वर्षं मी भावाच्या वाटचा भात खाल्ला," काका म्हणाले. शेवटी त्यांना ते ताट बघवेना. त्यांनी भटजींना विचारलं, पुतळा केला, विधी केले. आई म्हणाली, "पुतळो जाळलंस तू. माझ्या झिलाक नाय." झील म्हणजे मुलगा. पण यांनी तिला समजावलं की आता ताट झाकायचं नाही, त्याला गती मिळाली, तू त्याला अडकवून ठेवू नकोस. शिकलेल्या मुलाचं तिने ऐकलं. त्या दिवसापासून तिने ताट झाकलं नाही. आणि त्या दिवसापासून ती काकांशी मालवणीत बोलायची थांबली. पाहुण्यांशी बोलायची तशी शुद्ध मराठीत बोलायची, चहा घेणार का, जेवायला वाढू का. दोन वर्षांनी गेली तोवर तशीच.

"भाताची कविता मी त्यानंतरच लावली," काका म्हणाले. "मला वाटलं, बाईंच्या आईलाही कोणीतरी समजावलं असेल."

मी त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्यांच्यासाठी वाटलं की त्या माउलीसाठी हे मला आजही सांगता येणार नाही.

मालक जेवून आले तेव्हा काकांनी मुद्रितांचा गठ्ठा मागितला. पुस्तक थांबवा म्हणाले. मुखपृष्ठ झालं होतं, कागद आला होता. मालक तसे सज्जन, पण त्यांचाही संयम सुटला. साठ कवितांतली एक चुकली, ती बदला, एका दुपारचं काम. काका म्हणाले, एक नाही. साठच्या साठ मी सुतकातल्या घरात बसून लिहिल्यात. बाई वाट बघतायत आणि मी दर ओळीला पाणी सोडतोय. मालक म्हणाले की हे वाचणार कितीजण, आणि त्यातल्या कोणाला काय कळणार? काका नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जहाजाच्या तळाला भोक असलं तर वरच्या प्रवाशांना दिसत नाही. म्हणून ते तसंच सोडत नाहीत." गठ्ठा नळीत मावेना, मी त्यांना दोरी दिली.

दीड वर्ष लागलं. वय सत्त्याहत्तर, डोळ्याचं एक ऑपरेशन मध्येच झालेलं. शनिवारी ते येत आणि सुधारलेल्या दोन-तीन कविता माझ्या टेबलावर ठेवत. मी जुनी आणि नवी शेजारी ठेवून पाहायची. पुष्कळ ठिकाणी तीन-चार शब्दांचाच फरक असे, आणि कविता दुसरीच झालेली असे. साच्यांच्या आवाजात मुली एकमेकींना चिठ्ठ्या लिहितात ती कविता आधी मला रडकी वाटायची, आता तीत खोड्या दिसू लागल्या. बाईंना त्यांनी आणखी पत्रं लिहिली, वहीतल्या शंका पाच-पाच करून विचारल्या. बाई नकाशांवर लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवत. एका नकाशावर नुसतं 'माझं नाक एवढं मोठं नाही' असं आलं. तो काकांनी मला तीनदा दाखवला.

चपलांचं कोडं मला आता उलगडलं होतं, पण मी त्याबद्दल कधी बोलले नाही. एकदा लालबागला गेले होते, तर काका नाक्यावर मोच्याच्या पेटीशेजारी बसलेले दिसले, अनवाणी, रस्त्याकडे तोंड करून. मी पलीकडूनच गेले.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला पुन्हा बोलावणं आलं. गच्चीवर दोनच पानं होती. खोलीत भावाचा फोटो भिंतीवर नव्हता. हार काढून तो कपाटाच्या फळीवर ठेवला होता, इतर फोटोंबरोबर, लग्नमुंजीच्या फोटोंत असतो तसा. आम्ही पाचसहा जण जेवलो. मला भात थोडा हवा होता. ओट्याशी गॅसच्या शेजारी एक ताट झाकलेलं दिसलं, मी झाकणाला हात घातला. काका म्हणाले, "तो नको. तो त्याचा." आणि उठून मला पातेल्यातला वाढला. शेजारच्या त्या गृहस्थांनी वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

पुस्तकाची शेवटची मुद्रितं मी त्यांच्या घरी नेऊन दिली, जिना उतरणं त्यांना आता जमत नव्हतं. चार दिवसांनी परत आणायला गेले. साठ कवितांत फक्त दोन स्वल्पविराम बदलले होते. भाताची कविता अशी झाली होती:

संध्याकाळी आई एक वाटी भात
उबेला ठेवते.
सकाळी वाटी भरलेली.
जो जेवला नाही
त्याच्यासाठी ती पुन्हा तांदूळ धुते.

मी ऑफिसात येऊन पहिल्यापासून पानं उलटली, सवयीने. अर्पणपत्रिकेच्या पानावर थांबले. आईचं नाव तसंच होतं. भावाच्या नावाआधीचं, मी लावलेलं 'कै.' काकांनी लाल पेन्सिलीने खोडलं होतं. रेघ इतकी दाबून ओढली होती की मागच्या पानावर उमटली होती. आणि नावाखाली, ड्राफ्ट्समनच्या त्या सरळ ठसठशीत अक्षरात, तीन ओळी नव्याने लिहिल्या होत्या.

मालकांनी त्या वाचल्या आणि म्हणाले की हे अर्पणपत्रिकेसारखं वाटत नाही, काकांना विचार एकदा. मी म्हटलं, विचारायचं काही नाही, हे पान तपासून झालंय. ते तसंच छापलं गेलं. पुस्तक ज्यांच्याकडे असेल त्यांनी उघडून पाहावं, तिसरंच पान आहे:

खोली तीच आहे.
दार उघडं आहे.
आईने जेवण झाकून ठेवलंय.